इतर हक्कातलं नाव

आठ मार्चची संध्याकाळ, त्यात रविवार, साताऱ्यात गोलबागेजवळचा आमचा कट्टा भरलेला. कट्टा म्हणजे एका बंद दुकानाची पायरी आणि समोर काकींचा चहाचा गाडा, वीस वर्षं झाली आम्ही तिथंच बसतोय. विकास झेडपीच्या शाळेवर गुरुजी आहे, सुन्या कोरेगाव तालुक्यात शेती बघतो, तात्या आमच्यापेक्षा बरेच मोठे, महसूल खात्यातनं रिटायर झालेत. आणि शुभा आमच्याच दहावीच्या बॅचची, कोर्टात वकिली करते, रोज नाही येत पण रविवारी स्कूटी लावून अर्धा तास तरी थांबतेच. मी प्रिंटिंगवाला. त्या दिवशीचं बोलणं डोक्यातनं जाईना म्हणून जसं आठवतंय तसं लिहून काढतोय.

विषय मीच काढला. आठ मार्चच्या आधीच्या आठवड्यात आमच्या प्रेसला श्वास घ्यायला वेळ नसतो, सगळी सन्मानपत्रं. यंदा साठेक तरी मी स्वतः टाइप केली असतील, बँका, मंडळं, पतसंस्था, गावोगावच्या ग्रामपंचायती. शेवटच्या रात्री प्रूफ तपासताना एक गोष्ट टोचली. मजकूर वेगवेगळ्या लोकांनी पाठवलेला पण शब्द सगळीकडं तेच. त्यागमूर्ती. सोशिक. संसारासाठी झिजलेल्या. स्वतःच्या इच्छा बाजूला ठेवून कुटुंबासाठी उभ्या राहिलेल्या. साठ कागदांत एका कागदावर सुद्धा असं नव्हतं की हिनं अमुक मागितलं, त्यासाठी भांडली आणि मिळवलं.

"त्यात वाईट काय आहे," तात्या म्हणाले. "बाईच्या त्यागावरच घर उभं असतंय. आपल्या साताऱ्यातलंच घ्या, कर्मवीर अण्णांच्या लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी दागिने दिले, मंगळसूत्र सुद्धा विकलं. तेव्हा कुठं रयत शिक्षण संस्था उभी राहिली."

याला कोण नाही म्हणेल. मी रयतच्याच शाळेत शिकलोय, ती गोष्ट निघाली की आजही घसा दाटतो. पण शुभा म्हणाली, "तात्या, लक्ष्मीबाईंनी दिलं ते त्यांचं स्वतःचं होतं, म्हणून ते देणं झालं. जे बाईच्या हातात कधी येऊच दिलं नाही ते तिच्याकडनं सोडवून घ्यायचं आणि त्यालाही त्याग म्हणायचं, हे मला पटत नाही. रोज बघते मी कोर्टात."

आता हे ती सहज बोलली का सुन्याकडं बघून बोलली माहीत नाही, पण सुन्या एकदम गप्प झाला. त्याच्या गाडीच्या हँडलला साड्यांच्या दुकानाची पिशवी अडकवलेली होती, आत दोन बॉक्स. मला वाटलं बायकोला घेतलं असेल महिला दिनाचं. मग त्यानंच सांगितलं. दिवाळीत त्याचे वडील गेले, वारसनोंद झाली, त्यात दोन्ही बहिणींची नावं लागली, आता शुक्रवारी दोघी येणार आहेत आणि दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात हक्कसोडपत्र करायचंय. साड्या त्यांच्यासाठी. आणि शुभाकडनं हक्कसोडचा मसुदा पाहिजे होता म्हणून तो खरं तर आला होता.

"बहिणी तयार हायत," तो म्हणाला. "त्या आपणहून म्हणल्या, दादा आम्हाला काय नको. मग तुमचं काय दुखतंय?"

शुभानं विचारलं, आपणहून म्हणल्या का तू विचारल्यावर म्हणल्या? त्यावर सुन्या चिडला आणि खरी चर्चा तिथनं पेटली. सुन्याचं सगळंच चुकीचं नव्हतं हे मी सांगितलंच पाहिजे. साडेतीन एकर रान, त्यात सोसायटीचं कर्ज, धाकटीच्या लग्नाला काढलेलं हातउसनं आता कुठं फिटलंय, थोरली कराडला, धाकटीचा पुण्यात फ्लॅट. आई त्याच्याजवळ असते, तिचं दवाखान्याचं तो बघतो. तो म्हणाला, लग्नात दिलं की, पंधरा तोळं आणि वर मानपान, तो त्यांचा वाटाच झाला. आता रानाचे तीन तुकडे केले तर कुणाचंच पोट भरायचं न्हाय.

"हुंडा तुझ्या बहिणीच्या सासऱ्याला मिळाला," शुभा म्हणाली, "तिला काय मिळालं? ते सोनं तरी तिच्या ताब्यात आहे का विचार एकदा. आणि तुकडे कर म्हणतंय कोण? नाव राहू दे, रान तूच कस. नाव राहिलं तर उद्या तिच्यावर वेळ आली, नवऱ्यानं बाहेर काढलं, तर तिला म्हणता येईल की माझं पण काहीतरी आहे. एवढंच."

विकास मास्तर मधे पडला, त्याला वाटलं विषय बदलला तर बरं. त्यानं शाळेत सकाळी केलेलं भाषण परत सुरू केलं, की १८५७ साली न्यूयॉर्कमध्ये कापड कामगार बायकांनी मोर्चा काढला, पोलिसांनी लाठीमार केला, तो दिवस आठ मार्च वगैरे. मी त्याला थांबवलं. ही गोष्ट मी पण दोन-तीन वर्षं पत्रिकांवर छापलीय, पण पुढं वाचत गेलो तसं कळलं की तिला त्या काळातला पुरावाच सापडत नाही, ती १९५० नंतर कधीतरी छापून यायला लागली आणि मग सगळ्यांनी तीच उचलली. खरं काय घडलं ते याच्यापेक्षा भारी आहे आणि ते पोरांना सांगायला पाहिजे. १९०९ ला अमेरिकेतल्या समाजवादी पक्षानं २८ फेब्रुवारीला महिला दिन पाळला. १९१० ला कोपनहेगनमध्ये समाजवादी स्त्रियांची परिषद झाली, तिथं जर्मनीच्या क्लारा झेटकिननं मांडलं की सगळ्या देशांत असा एक दिवस पाळायचा, मुख्य मागणी मताचा अधिकार. तारीख तेव्हा ठरलीच नव्हती. १९११ ला जर्मनी, ऑस्ट्रिया, डेन्मार्क, स्वित्झर्लंड इथं तो १९ मार्चला झाला.

मग आठ मार्च आला कुठनं, तर रशियातनं. १९१७ साल, युद्ध चालू, पेट्रोग्राडमध्ये पावासाठी कडाक्याच्या थंडीत तासन् तास रांगा. त्या दिवशी कापड गिरण्यांतल्या बायका काम टाकून रस्त्यावर आल्या, शेजारच्या कारखान्यांसमोर जाऊन पुरुषांना पण बाहेर बोलावलं. त्यांच्या जुन्या कॅलेंडरात ती २३ फेब्रुवारी होती, आपल्या कॅलेंडरात आठ मार्च. आठवड्याभरात झारनं गादी सोडली आणि त्याच वर्षी तिथल्या बायकांना मत मिळालं. संयुक्त राष्ट्रसंघ यात फार नंतर आला, १९७५ ला महिला वर्ष आणि १९७७ ला ठराव.

"यात सत्कार कुठं आहे सांग," मी विकासला म्हणलं. "कामाचे तास कमी करा, मत द्या, पाव द्या, युद्ध थांबवा. सगळ्या मागण्या. आणि आपण त्याच दिवशी बाईला शाल-श्रीफळ देतो ते कशासाठी, तर तिनं काय मागितलं नाही म्हणून."

"म्हणूनच मी म्हणतोय, हा दिवस आपला न्हायच," सुन्या म्हणाला. "रशिया आन् जर्मनी. आपल्याकडं बाईला लक्ष्मी म्हणत्यात."

खरं सांगतो, मला त्याचा राग आला, आणि राग आला की मी जास्त बोलतो. म्हणलं, सुन्या, सावित्रीबाई कुठल्या? नायगावच्या, खंडाळा तालुका, आपला सातारा जिल्हा. ३ जानेवारी १८३१ चा जन्म. दर तीन जानेवारीला तिथं गर्दी लोटते, तू पण एका वर्षी गेला होतास. त्यांनी जोतिबांना लिहिलेली पत्रं आहेत, त्यातलं एक १० ऑक्टोबर १८५६ चं. त्या आजारी होत्या, माहेरी आल्या होत्या, नायगावात. भाऊ उशाशी बसून सेवा करत होता. म्हणजे प्रेमळच भाऊ, हे लक्षात घे. आणि तोच भाऊ बोलता बोलता सांगायला लागला की तुला आणि तुझ्या नवऱ्याला लोकांनी वाळीत टाकलंय ते बरोबरच आहे, महारा-मांगांसाठी तुम्ही करता ते सोडून द्या, जातीरूढीप्रमाणं वागा. आता आजारी बाई, माहेरच्या आधाराला आलेली, तिनं काय करावं? तिनं भावाला ऐकवलं. शेळी-गाय जवळ घेऊन कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, आणि माणसासारखी माणसं त्यांना शिवत नाहीस, याचं कारण सांग म्हणाल्या. आईच्या डोळ्यात पाणी आलं, भावाला पण पस्तावा झाला, असं त्याच पत्रात आहे.

हे सांगताना मला जाणवत होतं की मी सुन्याला बोलतोय पण मला स्वतःला पण बोलतोय. ते पुढं येईलच.

सुन्या म्हणाला, "मी काय तसला भाऊ न्हाय." शुभा म्हणाली, "तो पण काय वाईट नव्हता रे. हेच तर म्हणणं आहे आमचं." तिच्या आवाजात चीड नव्हती, तिला सुन्या लहानपणापासनं माहीत आहे, त्याच्या बहिणी पण माहीत आहेत. मग तिनं कायद्याचं सांगितलं. तिचं ऐकताना वाटलं की हा इतिहास शाळेत का नाही शिकवत. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल आणलं, ते रखडवलं गेलं, सप्टेंबर १९५१ ला त्यांनी मंत्रिपद सोडलं, आणि त्यात हे एक मोठं कारण होतं. पुढं १९५६ ला वारसा कायदा झाला पण एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित जमिनीत जन्मानं हक्क मुलालाच राहिला. महाराष्ट्रानं १९९४ ला दुरुस्ती करून मुलीला तो दिला, पण तेव्हा ज्यांची लग्नं आधीच झाली होती त्या बाहेरच राहिल्या. २००५ ला केंद्रानं मुलगी आणि मुलगा सारखाच केला. तरी वाद चालूच, की २००५ ला बाप जिवंत होता का मेलेला. ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, बाप जिवंत असायलाच पाहिजे असं काही नाही, हक्क जन्मानं आहे.

"म्हणजे १९५१ पासनं २०२० पर्यंत," शुभा म्हणाली, "सत्तर वर्षं लागली एक ओळ सरळ व्हायला. आणि आपण ती ओळ एका सकाळी पुसतो, दोन साड्या आणि जेवण देऊन."

काकी चहा ओतता ओतता ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "न्हाय सोडलं तर माहेर तुटतंय ओ. भावजय दारात उभी करत न्हाय. म्हणून सोडत्यात समद्या." आणि कप पुढं केले.

यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं. शुभाकडं पण नव्हतं. म्हणाली, माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या नऊ बायका हेच सांगतात, जमीन नको मला, दिवाळीला जायला घर पाहिजे. भाऊ धमकी देतो असं नाही, धमकी द्यायची वेळच येत नाही, तिला आधीच कळलेलं असतं.

आता माझं. माझ्या ताईनं २०१३ ला हक्कसोड केलंय. मी भाऊ. सकाळी लवकर आली, अर्ध्या दिवसाची रजा टाकून, ऑफिसात गर्दी होती, दोन तास बाकावर बसलो, मग आमचा नंबर आला, कॅमेऱ्यात फोटो, मशिनवर अंगठा. ताईनं विचारलं, "कुठं सही करू?" एवढंच विचारलं. मी पानं उलटून बोट दाखवत गेलो आणि ती करत गेली. मी रोज दुसऱ्यांचे कागद चार-चार वेळा वाचून तपासतो, अक्षर चुकू नये म्हणून, आणि तो कागद मी तिला वाचून दाखवला नाही. बांधावर एक आंबा आहे, आजोबांनी लावलेला. ताई दर फेब्रुवारीत फोनवर विचारते, आपल्या आंब्याला यंदा मोहर टिकला का रे. आपल्या म्हणते. हे मी कट्ट्यावर पहिल्यांदाच सांगितलं, आणि सांगताना सुन्याकडं बघता येईना.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग विकासनंच वेगळीकडनं काढलं. म्हणाला, माझ्या शाळेच्या मागच्या रानात ऊसतोडीची टोळी उतरलीय, बीडकडची. तिथं हिशोब कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. ती पहाटे उठून भाकऱ्या थापते, मग दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरनं वाहून गाडी भरते, पण उचल, म्हणजे आगाऊ पैसे, नवऱ्यानं घेतलेली, हिशोब मुकादमाच्या वहीत नवऱ्याच्या नावावर. आज महिला दिनाचं भाषण करताना खिडकीतनं त्याच बायका दिसत होत्या आणि त्यांची दोन पोरं माझ्याच वर्गात बसली होती, म्हणाला, मला पुढचं वाक्य सुचेना.

"नावाचं म्हणशील तर," तात्या एकदम बोलले, ते बराच वेळ गप्प होते. "पहिल्या निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ ला, मतदार यादीतनं अठ्ठावीस लाखाच्या आसपास बायकांची नावं गाळावी लागली होती. कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. निवडणूक आयोगानं सांगितलं, नाव सांगा नाहीतर यादीत येणार नाही. मत मिळालं होतं पण नाव नव्हतं म्हणून गेलं." हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मग साहजिकच नकुशीचा विषय निघाला, आपल्या जिल्ह्यात तो निघतोच. मुलगी नको होती म्हणून तिचं नावच नकुशी. ऑक्टोबर २०११ ला सातारा जिल्हा परिषदेनं कार्यक्रम घेऊन २८५ मुलींची नावं बदलली, त्यांनी स्वतः निवडलेली नवी नावं. त्यातल्या पोरी आता मोठ्या झाल्या असतील, कुणाची लग्नं झाली असतील. आणि याच साताऱ्यात वर्षाताई देशपांडेंनी गर्भलिंग तपासणाऱ्यांना पकडून द्यायला किती वर्षं घातली, २०२५ ला त्यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला. साताऱ्याच्याच मातीतले शरद जोशी, त्यांनी १९८६ ला चांदवडला शेतकरी बायकांचं अधिवेशन भरवलं आणि पुढं लक्ष्मीमुक्ती सांगितली, म्हणजे नवऱ्यानं आपणहून बायकोच्या नावावर जमीन करायची. लक्ष्मी नुसती म्हणायची नाही, सातबाऱ्यावर लिहायची. मी हे सुन्याला म्हणलं. तो नुसता मान हलवत होता, आधीसारखं तोडून बोलत नव्हता.

तेवढ्यात काकींनी विचारलं, "ते मोबाईलवर सातबारा दिसतोय म्हणत्यात ते खरं हाय का?"

खरं आहे म्हणलं. कुणाचा बघायचाय? त्यांच्या वडिलांचा, माण तालुक्यात, दहिवडीच्या बाजूला. गट नंबर माहीत नव्हता. मी साइट उघडली, जिल्हा, तालुका, गाव निवडलं, आडनावावरनं शोधायचं ठरलं, मोबाईल नंबर टाकला, ती वेडीवाकडी अक्षरं दोनदा चुकली, तिसऱ्यांदा उघडलं. वर तीन भावांपैकी थोरल्याचं नाव, त्याच्यापुढं ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तात्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, खाली इतर हक्कात बघ.

खाली बारीक अक्षरात चार नावं होती. मी म्हणलं, काकी, तुमचं नाव काय?

वीस वर्षं आम्ही त्यांच्याकडं चहा पितोय. आम्हाला कुणालाच त्यांचं नाव माहीत नव्हतं.

"द्रौपदा," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या ओळीत होतं. काकींनी हात पदराला पुसला आणि बोट लावलं, तर स्क्रीन सरकली आणि नाव वर निघून गेलं. मी परत खाली आणलं. "नाव कधीच काढलंय म्हणून सांगितलंवतं मला," त्या म्हणाल्या. "कागदावर अंगठा घेतलावता का तुमचा?" शुभानं विचारलं. न्हाय, कधीच न्हाय. मग तात्यांनी सांगितलं, अगदी हळू, की हे असंच लिहायचो आम्ही. थोरला भाऊ एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून वरच्या रकान्यात, बाकीचे वारस खाली इतर हक्कात, आणि बहिणी तर बहुतेक वेळा खालीच. कुणी सांगावं लागायचं नाही, हात तसाच वळलेला. शेकडो फेरफार माझ्या हातचे आहेत म्हणाले. नंतर ते बराच वेळ बोललेच नाहीत.

शुभानं काकींना सांगितलं, डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयात निघतो, मी काढते, तुम्ही आधार कार्ड घेऊन या, वर नाव लावायला अर्ज करता येतो का बघू. काकी म्हणाल्या, भाऊ काय म्हणतील. शुभा म्हणाली, आधी कागद तर बघू. काकींनी स्टोव्ह बारीक केला आणि मला म्हणाल्या, "परत एकदा वाचा की." मी वाचलं.

सुन्या उठला. मसुद्याचं त्यानं परत विचारलं नाही. तात्यांना एवढंच म्हणाला, आमच्या नोंदीत अक्का आणि बारकी वर हायत का खाली, उद्या जरा बघून सांगा. पिशवी हँडलवर तशीच होती, ती नीट आत सरकवून निघून गेला. शुक्रवारी काय करेल मला माहीत नाही.

घरी आलो, कपाटातनं २०१३ ची फाईल काढली आणि ताईला फोन लावला. म्हणलं ताई, तू सही केली होतीस तो कागद तुला वाचून दाखवायचाय, आणि मग विचारायचंय की परत बदलायचा का. ती काहीच बोलली नाही, पाठीमागं कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

मग म्हणाली, "थांब, गॅस बंद करून येते."